कॉंक्रीटच्या जमिनीचे अंदाजपत्रक आणि त्यात गेलेले माझे १,२५,४८८ रुपये

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला टॉवेलच्या मागांसाठी मी ६० × ४० फुटांची शेड बांधली. तिच्यात सहा इंच जाडीची कॉंक्रीटची जमीन करून घेताना माझे ३,९२,५३० रुपये गेले आणि त्याच कामाचा सरळ हिशेब २,६७,०४२ रुपये होतो. मधले १,२५,४८८ रुपये ठेकेदार आणि त्याच्या ओळखीचा माल पुरवणारा दुकानदार यांनी मिळून खाल्ले. पैसे गेल्याचा संताप आहेच, पण त्याहून जास्त संताप याचा आहे की ही चोरी अंदाजपत्रकाच्या पहिल्या दोन ओळींत उघड लिहून माझ्या हातात दिली होती आणि त्याखाली माझी सही घेतली होती.

बांधकामात पोती पळवली जातात, खडी कमी उतरते, हे सगळ्यांनाच ठाऊक असते, तसे मलाही होते. म्हणूनच मी माल-मजुरीसकट एकरकमी, म्हणजे उक्ते काम दिले नाही. मजुरी ठेकेदाराची आणि माल माझा, असा करार केला. मालाचे पैसे ठेकेदाराच्या हाती न देता थेट दुकानाच्या खात्यावर भरले आणि प्रत्येक गाडीचे चलन, म्हणजे माल पोचल्याची पावती, फाईलला लावले. एवढी काळजी घेतल्यावर कोणीही निर्धास्त होईल, आणि ही पद्धत नेमकी अशा काळजी घेणाऱ्यांसाठीच बेतलेली आहे. ठेकेदाराने सांगितलेल्या दुकानातून माल घेऊ नका. दर पोत्यामागे पाच रुपये जास्त पडले तरी स्वतः शोधलेल्या दुकानातून माल उचला.

अंदाजपत्रकाची पहिली ओळ अशी होती : ६० × ४० × ०.५ × १.५४ = १,८४८ घनफूट, म्हणजे १८.४८ ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). दुसरी ओळ : १,८४८ भागिले ३५.३१ = ५२.३३ घनमीटर, एम-२० या ताकदीच्या कॉंक्रीटसाठी घनमीटरला सिमेंटची ८ पोती, एकूण ४१९, धरा ४२०, दर ३७० रुपये, रक्कम १,५५,४०० रुपये. टाईप केलेला कागद, सिमेंट, वाळू आणि खडीचे १ : १.५ : ३ हे प्रमाण, दशांशासकट आकडे, सगळे अगदी पुस्तकी.

१.५४ हा आकडा खरा आहे आणि त्यातच मेख आहे. सुट्या खडीत आणि वाळूत पोकळ्या असतात; पाणी घालून कालवल्यावर आणि व्हायब्रेटर मारल्यावर बारीक माल मोठ्या मालाच्या पोकळ्यांत बसतो आणि आकारमान घटते, म्हणून एक घनमीटर तयार कॉंक्रीटला साधारण १.५४ घनमीटर सुटा माल धरतात. त्याचे १ : १.५ : ३ असे साडेपाच वाटे केले की सिमेंटचा वाटा ०.२८ घनमीटर येतो; घनमीटरला १,४४० किलो या हिशेबाने तो सुमारे ४०३ किलो भरतो आणि त्याची ५० किलोची आठ पोती होतात. म्हणजे ‘घनमीटरला आठ पोती’ या आकड्याच्या पोटात १.५४ आधीच बसलेला आहे. तेव्हा आठ पोती धरायची तर लांबी, रुंदी आणि जाडी यांच्या मापालाच धरायची : १,२०० घनफूट, ३४ घनमीटर, २७२ पोती, सांडलवंड धरून २८०. जो आधी १.५४ ने गुणतो आणि मग पुन्हा आठने गुणतो, तो जाणूनबुजून गुणतो, कारण आयुष्यभर कॉंक्रीट ओतणाऱ्याला बारा ब्रासला किती पोती लागतात हे कागदाशिवाय पाठ असते. त्या एका गुणाकारात १४० पोत्यांचे ५१,८०० रुपये गेले.

तोच फुगवलेला आकडा मजुरीलाही लावला. ब्रासला ३,५०० रुपये दर ठरला होता; १८.४८ ब्रासचे ६४,६८० रुपये घेतले, जमिनीत पडलेले कॉंक्रीट मात्र १२ ब्रास, म्हणजे ४२,००० रुपयांचे. येथे २२,६८० रुपये गेले. मजुरी नेहमी तयार कामाच्या मापावर द्यायची असते आणि हे शब्द करारात लिहून घेतले पाहिजेत.

कोणी म्हणेल की सही करण्यापूर्वी जाणकाराला विचारायचे होते. मी विचारले होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका परिचितांना फोनवर पहिली ओळ वाचून दाखवली आणि १.५४ कशाला, असे विचारले. ‘ते धरावेच लागते,’ असे त्यांनी सांगितले आणि ते खरेच होते. दुसरी ओळ मी वाचून दाखवली नाही, कारण ज्याचा जन्म ताण्याबाण्यात गेला त्याला त्या ओळीत विचारण्याजोगे काही आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते. तुम्ही मात्र संपूर्ण कागद दाखवा, फोनवर वाचू नका.

खडी आणि क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) यांतली फसवणूक याच आकड्याच्या आडोशाला झाली. अंदाजात क्रश सँड ८ ब्रास, दर ४,५०० रुपये, आणि खडी १६ ब्रास, दर ३,२०० रुपये, असे लिहिले होते. प्रत्यक्षात सांडलवंड धरून सव्वापाच आणि साडेदहा ब्रास पुरतात. टिपर ‘चार ब्रासचा’ म्हणून येत होता. त्याच टिपरचा हौदा मी नंतर टेप लावून मोजला, तेव्हा आतून लांबी १४ फूट, रुंदी ७ फूट, उंची ३ फूट भरली. म्हणजे २९४ घनफूट, तीन ब्राससुद्धा नाही. आठच्या जागी ५.८८ ब्रास सँड उतरली आणि सोळाच्या जागी ११.७६ ब्रास खडी उतरली, आणि काम संपल्यावर शेडच्या दाराशी उतार करण्यापुरता लहानसा ढीग उरला. मागणी फुगवलेली आणि भरणा तोकडा, दोन्ही एकमेकांना बरोबर जुळवून घेतलेले, त्यामुळे ना माल कमी पडला ना संशय येण्याइतका उरला. सँडमध्ये ९,५४० आणि खडीत १३,५६८ रुपये गेले. गाडी रिकामी करण्याआधी हौदा मोजा, वरचा माल फळीने सपाट करून घ्या, आणि सँड ओली असेल तर ती फुगलेली असते हे लक्षात ठेवा. गौण खनिजाच्या वाहतूक परवान्यावर परिमाण लिहिलेले असते. तो कागद ड्रायव्हरकडून मागून घ्या.

आता पोत्यांविषयी. चलनांप्रमाणे सिमेंट प्रत्येकी १४० पोत्यांच्या तीन खेपांत आले. पहिल्या दोन खेपा मी स्वतः उतरवून घेतल्या. तिसरी रात्री उशिरा आली असे ठेकेदाराच्या मुकादमाने सांगितले आणि चलनावर सहीसुद्धा त्यानेच केली होती. रिकामी पोती मला परत द्यायची असे ठरले होते. कॉंक्रीट झाल्यानंतर भिंतीशी वीस-वीस पोत्यांचे गठ्ठे सुतळीने बांधून रचलेले होते, ते तेरा होते. ४२० पोती रिकामी झाली आणि २६०च दिसतात, बाकीची कोठे आहेत, असे मी तेथेच विचारले. ठेकेदार म्हणाला, ‘मालक, काही फाटली, बाकीची पोरांनी पाणी धरायला जमिनीवर हंतरली होती, मग टाकून दिली की.’

तो क्षण मला आजही झोपू देत नाही. सिमेंटचे पोते प्लॅस्टिकच्या विणीचे असते. ते पाणी पीत नाही, त्यावरून पाणी ओघळून जाते. क्युरिंगला, म्हणजे कॉंक्रीट ओले ठेवायला, ज्यूटचे गोणपाट लागते किंवा मातीची आळी करून पाणी कोंडावे लागते. कोणते कापड पाणी पिते आणि कोणते नाही, या एका गोष्टीवर माझे घर चालते. टॉवेलचा तुकडा चिमटीत धरून तो किती पाणी घेईल ते मी सांगतो, आणि त्या माणसाने माझ्यासमोर प्लॅस्टिकची पोती पाणी धरायला अंथरली म्हणून सांगितले आणि मी मान डोलावली. त्यावेळी परिस्थितीही तशी होती. सोलापूरचा उन्हाळा, नळाला दिवसाआड तर सोडाच, त्याहून उशिरा येणारे पाणी, टँकरवाल्याशी चाललेली घासाघीस, आणि कॉंक्रीट वाळून तडकू नये ही एकच चिंता डोक्यात. अशा वेळी माणूस पोत्यांचा पंचनामा करत बसत नाही, हे त्या ठेकेदाराला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तिसरी खेप माझ्या शेडवर आलीच नव्हती. पोती कामाआधी मोजा, पंचवीस-पंचवीस फोडली की रिकामी ताब्यात घ्या, आणि चलनावर घरच्या माणसाखेरीज कोणालाही सही करू देऊ नका.

सळईचे थोडक्यात सांगतो. दर आठ इंचांवर उभ्या-आडव्या सळयांची एक जाळी होती. अंदाजात १० मि.मी. सळईचे १,३७५ किलो वजन धरले, ६२ रुपयांनी ८५,२५० रुपये घेतले आणि बांधली ८ मि.मी.ची, जी जोड व तुकडे धरून ९२५ किलोच्या वर जात नाही. फरक २७,९०० रुपयांचा. नंतर भंगारात पडलेला एक तुकडा मी बरोबर एक मीटर कापून सुताच्या काट्यावर ठेवला, तो ३९२ ग्रॅम भरला. १० मि.मी.ची सळई मीटरला ६१७ ग्रॅम असते आणि ८ मि.मी.ची ३९५, पिळाच्या धारांमुळे दोन्हींतला फरक नवख्या डोळ्याला कळत नाही. माल उतरताच तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, दुसऱ्या कशावरही विश्वास ठेवू नका.

हे सगळे उघडकीला आले ते शेजारच्या कारखानदारामुळे. त्यांनी त्याच मापाच्या शेडसाठी तयार कॉंक्रीट मागवले. सहा घनमीटरच्या पाच गाड्या आणि चारची एक, एकूण ३४ घनमीटर, आणि जमीन पूर्ण झाली. माझ्या कागदावर ५२.३३ होते. त्या रात्री मी फाईल उघडून बसलो आणि पहाटेपर्यंत वरचे सगळे आकडे माझ्यासमोर होते.

ठेकेदाराचे उत्तर तयार होते : ‘मालक, दर वाढवून लावला का मी? आणि सही तुमचीच आहे की.’ दुकानदाराने चलनाकडे बोट दाखवले. तुमच्या साइटच्या माणसाची सही आहे, माल पोचला.

पोलीस ठाण्यात माझे म्हणणे अर्धवट ऐकून ‘काका, जमीन झाली ना तुमची? मग हा दिवाणी वाद आहे,’ असे सांगण्यात आले. जमीन धड आहे, तिला तडा नाही, हीच जणू माझी अडचण झाली! न आलेल्या १४० पोत्यांची खोटी पोच देऊन पैसे घेणे ही फसवणूक होत नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे? समोरच्याने अर्ज घेतला तोही पोच न देता, आणि पोच मागितली तेव्हा ‘विश्वास नाही का’ असे मलाच ऐकवले. विश्वासावरच तर सव्वा लाख गेले होते. वजनमापे तपासणाऱ्या खात्यात गेलो, तर तेथे ‘ब्रास हे प्रमाणित माप नाही, आणि माल आता जमिनीत गेला, तपासायचे काय’ असे उत्तर मिळाले. ब्रास कायद्याने माप नसेल, तर त्याच शासनाचा महसूल विभाग खडी-वाळूवरचे स्वामित्वधन ब्रासवर कसे घेतो? शासनाला पैसे घ्यायचे तेव्हा ब्रास चालतो आणि नागरिकाची बाजू घ्यायची वेळ आली की चालत नाही. जिल्ह्यातला प्रत्येक टिपर ब्रासच्या तोंडी मापावर फिरतो, हौद्यावर माप लिहिलेले नसते, आणि ते लिहायला लावणे हे आपले काम आहे असे कोणत्याही टेबलाला वाटत नाही. मी ज्या टेबलाकडे गेलो त्याने मला पुढच्या टेबलाकडे पाठवले, आणि प्रत्येकाने जाता जाता ‘सही करण्यापूर्वी बघायला हवे होते’ एवढे मात्र न चुकता सुनावले.

ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग आहे, पण २०१९च्या कायद्यात व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला मात्र त्यातून सूट आहे. माझे माग मी आणि माझ्या घरचे चालवतात, त्यामुळे या सवलतीत बसतो असे वकिलांचे मत आहे. समोरची बाजू पहिला आक्षेप यावरच घेणार हेही त्यांनी सांगितले. राहत्या घराची जमीन किंवा स्लॅब करणाऱ्यांपुढे ही अडचण नाही. त्यांनी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून थेट जिल्हा आयोगाची वाट धरावी आणि मूळ अंदाजपत्रक कोणत्याही परिस्थितीत ठेकेदाराला परत देऊ नये. माझ्याकडचे मूळ पान ‘दुरुस्त करून देतो’ असे म्हणून तो मागायला आला होता.

ठाण्यात दाद मिळाली नाही म्हणून तक्रारीचा मजकूर रजिस्टर पोस्टाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे पाठवला आहे आणि पोस्टाची पोच फाईलला लावली आहे. तेथूनही काही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाण्याचा अर्ज वकिलांनी तयार ठेवला आहे. त्याला अंदाजपत्रक, तिन्ही चलने, हौद्याच्या मापाचे फोटो आणि शेजाऱ्यांच्या ३४ घनमीटरच्या पावत्या जोडल्या आहेत. त्याच ठेकेदाराने शहरात आणखी शेडची कामे घेतली आहेत. ज्यांच्याकडे अशा कामाचा जुना कागद असेल त्यांनी तो काढून पहिल्या ओळीत १.५४ आणि दुसऱ्या ओळीत आठ पोती, असे दोन्ही आकडे आहेत का ते पाहावे, आणि असतील तर तो कागद जपून ठेवावा. एकाच पद्धतीचे दोन-तीन कागद एकत्र आले तर हा दिवाणी वाद आहे असे म्हणणे ठाण्यालाही जड जाईल.