रेस खाली येत नाही: केबल, रबर की कार्बोरेटर?

जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीची रेस मूठ सोडूनही चढीच राहिली की पहिला हात आयडल स्क्रूकडे (मूठ सोडलेली असताना रेस किती राहील ते ठरवणारा स्क्रू) जातो. तो सोडल्यावर रेस १२०० ते १४०० आरपीएमवर येऊन तिथेच टिकली, तर विषय संपला (नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या). स्क्रू पूर्ण सोडूनही इंजिन ओरडतच असेल, तर एकतर स्लाइड (मुठीने वरखाली होऊन हवेची वाट उघडणारा कार्बोरेटरमधला दट्ट्या) तळाला बसत नाही, नाहीतर इंजिन भलत्याच वाटेने हवा ओढतंय. यातलं बरंचसं कार्बोरेटर न उघडता कळतं. म्हणून कार्बोरेटर खोलण्याचा नंबर शेवटी.

केबल तपासायला खर्च काहीच नाही, त्यामुळे सुरुवात तिथून. गाडी चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. रेस वरखाली झाली, तर केबल ओढली जातेय. मुठीला साधारण २ ते ६ मि.मी. मोकळी चाल हवी. इंजिन बंद करून मूठ पिळून सोडा: स्लाइडवाल्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड खाली आपटल्याचा ‘टक’ आवाज यायला हवा. चोकची केबलही याच वेळी बघा. चोक अर्धवट ओढलेला राहिला, तरी रेस चढते, फक्त तेव्हा प्लग काळा पडतो. आणि तक्रार कार्बोरेटर साफ केल्यानंतरच सुरू झाली असेल, तर स्लाइड उलटी बसली आहे का ते आधी पाहा. तिचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला हवा, इंजिनच्या नव्हे. घाईत ही चूक सर्रास होते आणि मग गाडी किक मारताच रेस पकडते.

केबल निर्दोष निघाली की संशय इनटेकच्या रबरावर, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या रबरी तुकड्यावर. याची खूण वेगळी असते. मूठ सोडली तरी रेस लगेच उतरत नाही, दोन-तीन सेकंद वर लटकते आणि मग सावकाश खाली येते. गाडी तापली की हे वाढतं, चोक किंचित ओढला की सुधारतं, प्लग पांढुरका निघतो. मिश्रणात हवा जास्त झाल्याची ही लक्षणं. खात्री करायची तर चालू इंजिनवर मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर ते इंजिन या वाटेच्या) सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज क्षणभर जरी बदलला, तरी गळती तिथेच. कार्ब क्लीनरने फरक जास्त ठळक कळतो, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो पेट घेऊ शकतो. व्हॅक्यूम नळी किंवा तिची टोपी फाटली आहे का, तेही चाचपून बघा.

भेगाळलेलं रबर बदलायचंच. वर सिलिकॉन फासू नका. पेट्रोलने ते फुगतं आणि त्याचे तुकडे आत जातात. ओ-रिंग नवी घालूनही गळती थांबली नाही, तर कार्बोरेटरचा फ्लँज (बोल्टने आवळली जाणारी सपाट कड) वाकलेला असणार. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळल्याने हे होतं. सरळ पट्टी धरून खालून उजेड दिसतो का पाहा. दिसला, तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर फ्लँज हलक्या हाताने घासा. परत बसवताना दोन्ही बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा.

तिसरा संशयित, पायलट जेट (मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणारा बारीक भोकाचा तुकडा), फसवा आहे. तुंबलेल्या जेटने खरं तर गाडी बंद पडते. मग कोणीतरी आयडल स्क्रू आवळून ती जगवतो, आणि तीच गाडी तापल्यावर बेफाम रेस घेते. गार असताना बंद पडते, तापल्यावर ओरडते, अशी जोडी दिसली की कार्बोरेटर उघडायला हरकत नाही. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच तळाला टेकेपर्यंत किती फेरे जातो, ते लिहून ठेवा. जेटमध्ये कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा. टोचायचंच असेल, तर तांब्याच्या वायरची एक तार वापरा. पोलादी तारेने भोक मोठं होतं आणि जेट बाद होतो. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवेचा: आत घेतल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल, तर नेमकं उलट.

रबर, केबल आणि जेट ठीक असूनही रेस लटकत असेल, तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि इग्निशन (ठिणगीची वेळ) बघा. जुन्या, पॉइंटवाल्या इग्निशनच्या गाडीत ॲडव्हान्सरच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाच्या) सैल स्प्रिंगमुळे हुबेहूब हीच तक्रार येते.

उरतो प्रश्न दुरुस्तीचं किट घ्यायचं की नवा कार्बोरेटर. किटमध्ये गॅस्केट, ओ-रिंग, नीडल व्हॉल्व्ह आणि बहुतेकदा जेट मिळतात. तळाची गळती, ओव्हरफ्लो, कडक झालेल्या ओ-रिंग यांसाठी ते पुरेसं आहे. मात्र जुना जेट धड असेल, तर किटमधला बसवू नका. बसवलाच, तर त्यावर कोरलेला नंबर जुन्याशी जुळवून घ्या. स्लाइड भोकात खडखडत असेल, किंवा बटरफ्लायच्या (काही कार्बोरेटरमधल्या फिरत्या झडपेच्या) दांड्यापाशी फवारा मारल्यावर रेस बदलत असेल, तर बॉडीच झिजली आहे आणि साधं किट तिथे कामाचं नाही. मग नवा कार्बोरेटर, तोही तुमच्या गाडीच्या मूळ जेटिंगचा (जेटच्या मापांचा). फक्त तोंडाचं माप जुळतंय म्हणून घेतलेला बसेल, पण मुख्य जेट आणि नीडलची (स्लाइडला लावलेल्या सुईची) जुळवणी करण्यात रबर बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जाईल.