मोफत तपासणीला आलेल्या माणसाने आमच्या घराचं संरक्षणच काढून टाकलं

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. ‘घरातल्या विजेची मोफत सुरक्षा तपासणी’ म्हणून एका माणसाला मी स्वतः दार उघडून आत घेतलं आणि तो गेल्यावर आमचं घर आधीपेक्षा जास्त धोकादायक झालं होतं. सोळा दिवस आम्हाला याचा पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो आईच्या हाताला झिणझिण्या आल्या तेव्हा.

आमचं घर जुनं आहे. काही महिन्यांपासून सकाळच्या वेळी मुख्य बोर्डातला आरसीसीबी नावाचा सुरक्षा-खटका अधूनमधून पडायचा. खटका वर केला की पुन्हा सगळं सुरळीत. रोज पडत नसल्याने मीही टाळाटाळ करत राहिलो. माझी पहिली चूक ती. आरसीसीबी उगाच पडत नाही. फेजमधून आत गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे तो सतत पाहत असतो. फरक पडला, म्हणजे वीज कुठून तरी बाहेर निसटत आहे, की तो पुरवठा तोडतो. घरात बहुतेक वेळा 30 मिलिअँपिअरचा बसवतात, तो माणसाचा जीव वाचावा म्हणून. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्या लेखी तो फक्त सारखा पडणारा एक वैतागवाणा खटका होता.

अशात एक फोन आला. तुमच्या भागातल्या जुन्या घरांची तपासणी चालू आहे, शुल्क काही नाही, शिवाय वीजबिल कमी करण्याचे उपायही सांगू. आलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र, हातात चांगली उपकरणांची पेटी. वागणं अतिशय नम्र. आईला वाकून नमस्कार केला, चपला दाराबाहेर काढल्या. संशय यावा असं काहीच नव्हतं, आणि आपण माणूस पारखतो तो याच गोष्टींवरून. उपकरणं वापरता येणं वेगळं आणि त्यांचं वाचन प्रामाणिकपणे सांगणं वेगळं, हे त्या वेळी डोक्यात येत नाही.

आधी त्याने थर्मल कॅमेरा काढून बोर्डाकडे रोखला. पडद्यावर सगळा बोर्ड निळा आणि मधोमध दोन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारे खटके, लालभडक. “साहेब, हे आतून पेटायच्या बेतात आहेत,” असं तो हलक्या आवाजात, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. ते चित्र त्याने अहवालात छापून दिलं होतं, म्हणून पुढे नीट पाहता आलं. चित्राच्या कडेला रंगपट्टी असते. तिच्यावर खालचा आकडा 31 अंश होता, वरचा 36. म्हणजे सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम भाग यांत अंतर अवघं 5 अंशांचं! हे कॅमेरे समोर जे असेल त्यातल्या सर्वात उबदार जागेला आपोआप लाल रंग देतात, मग ती 36 अंशांवर असो की 136 वर. ज्या एमसीबीतून भार वाहतो आहे तो शेजारच्यापेक्षा थोडा उबदार असणारच. कोणी असं चित्र दाखवलं तर रंग सोडा, आकडे वाचा.

मग आला क्लॅम्प मीटरचा प्रयोग. पाण्याची मोटर चालू करून त्याने वायरीभोवती मीटरचा चिमटा लावला. 4 अँपिअर. मग पेटीतून एक खोका काढून बोर्डाला जोडला. आकडा सरकन 3.1 वर आला. “जवळपास चौथा हिस्सा वीज वाचली, तुमच्या डोळ्यांदेखत.” मी खरंच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि आकडाही खरा होता. त्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ खोटा होता.

हा भाग मी जरा सविस्तर सांगतो, कारण चांगले शिकलेले लोक इथेच फसतात. त्या खोक्यात होते दोन कॅपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. मोटरसारखं उपकरण जो प्रवाह घेतं त्यातला काही भाग प्रत्यक्ष काम करतो. उरलेला चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी नुसता तारांमधून ये-जा करत राहतो. कॅपॅसिटर ही ये-जा जवळच्या जवळ भागवतो, म्हणून तारेतला अँपिअरचा आकडा उतरतो. पण घरगुती बिलात सर्वसाधारणपणे अँपिअर मोजत नाहीत, किलोवॅट-तास म्हणजे युनिट मोजतात, आणि युनिटमध्ये फक्त काम करणारी वीज धरली जाते. आमच्या मोटरने 230 व्होल्टवर 4 अँपिअर घेतले तेव्हाही ती सुमारे 600 वॅट वापरत होती, आणि 3.1 घेतले तेव्हाही तेवढेच. कारखान्यांना पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला काम करणारा हिस्सा, खाली गेल्याबद्दल वेगळा आकार लागू शकतो, म्हणून तिथे कॅपॅसिटर बसवण्यात अर्थ असतो. घरात नाही. हीच खरी गोष्ट उचलून चुकीच्या जागी विकतात.

पडताळायचं असेल तर तुमचा स्वतःचा मीटर पुरे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. आमच्या मीटरवर 3200 आहे. घरातलं बाकी सगळं बंद करून नुसती मोटर चालवली आणि 10 लुकलुकींना लागणारा वेळ मोजला. खोका नसताना 19 सेकंद, खोका लावल्यावरही 19 सेकंद. हा प्रयोग मी त्या माणसासमोर केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

तो गेल्यावर अर्ध्या तासात बारा पानी रंगीत अहवाल फोनवर आला. सत्तावीस दोष, त्यांपैकी नऊ ‘अतिगंभीर’. पाठोपाठ त्याचा फोन. आज रात्री फ्रिज चालू ठेवू नका, आमचा माणूस उद्या मोकळा आहे, नंतर महिनाभर जमणार नाही. घरात म्हातारी आई असताना ‘आज रात्री’ हे शब्द ऐकले की माणूस विचार करायचा थांबतो. सकाळी तपासणीची पोच म्हणून मी टॅबच्या पडद्यावर बोटाने सही केली होती. ती पोच नव्हतीच, तो हप्त्यांचा खरेदी करार होता. रक्कम आमच्या वर्षभराच्या वीजबिलाहून जास्त. बायको म्हणाली होती, “आधी वाचून तरी बघा.” मी तिलाच गप्प केलं. ते बोलणं आजही मनाला लागून आहे.

दुसऱ्या दिवशी दोन मुलं येऊन काम करून गेली. तो पडणारा खटका ‘अतिसंवेदनशील झाला होता, दुरुस्त केला’ असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. त्यानंतर तो खरोखर एकदाही पडला नाही. आम्ही खूश होतो, हे सांगताना अंगावर काटा येतो.

सोळाव्या दिवशी सकाळी आई न्हाणीघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “नळाला हात लावला की मुंग्या येतात रे.” तिच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. मी मुख्य स्विच बंद केला आणि आमच्या ओळखीच्या निवृत्त वायरमन काकांना बोलावलं. खरं तर तीन महिन्यांपूर्वीच बोलवायला हवं होतं.

काकांनी एकही उपकरण काढलं नाही. मुख्य स्विच क्षणभर चालू करून त्यांनी आरसीसीबीवरचं ‘टी’ अक्षराचं छोटं बटण दाबलं. काहीच झालं नाही. काही क्षण ते बोलले नाहीत. मग स्विच पुन्हा बंद करून त्यांनी बोर्डाचं झाकण उघडलं. आरसीसीबी जागेवर होता, दांडी वर होती, बाहेरून सगळं व्यवस्थित. मागे मात्र त्याच्यात येणाऱ्या आणि त्याच्यातून जाणाऱ्या वायरी काढून फेजला फेज, न्यूट्रलला न्यूट्रल अशा थेट जोडल्या होत्या आणि वर काळी टेप गुंडाळली होती. रिकामा डबा बसवून ठेवावा तसा तो नुसता बसवलेला.

मग त्यांनी मेगर काढला. हा 500 व्होल्टचा दाब देऊन वायरींचं आवरण किती टिकाव धरतं ते मोजतो. निरोगी सर्किटला निदान 1 मेगओहम यायला हवा, बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ जास्त येतो. गीझरच्या सर्किटवर वाचन जवळजवळ शून्य आलं. गीझरच्या आतलं तापणारं एलिमेंट तडकलं होतं आणि वीज पाण्यात व टाकीच्या धातूत उतरत होती. त्यातच सॉकेटमधला अर्थिंगचा स्क्रू सैल. तो टेकला की गळती अर्थिंगकडे जाई आणि आरसीसीबी पडे. टेकला नाही की गीझरचं धातूचं अंग तसंच जिवंत राही. ‘रोज नाही, अधूनमधून’ याचं कोडं असं सुटलं. खटक्याला दोष नव्हताच. घरात एवढं एकच यंत्र खरं बोलत होतं, आणि तपासणीवाल्यांनी नेमकं त्याचंच तोंड बंद केलं. त्यांच्या सत्तावीस दोषांच्या यादीत गीझरचं नावही नव्हतं.

एमसीबी होता ना, असं मी विचारलं. काका म्हणाले, “अरे, तो वायर जळू नये म्हणून असतो. तो प्रवाह 16 अँपिअरच्या वर जायची वाट बघणार. म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. माणसाचा हात तर दहा-पंधरालाच आखडतो, धरलेलं सुटत नाही.” आई बाहेरच बसली होती. तिने हे ऐकलं की नाही, मी आजतागायत विचारलेलं नाही.

काकांनी एलिमेंट बदललं, अर्थिंगचा स्क्रू आवळला, नवा आरसीसीबी बसवला आणि माझ्याकडूनच ‘टी’ दाबून घेतलं. खट्कन सगळं घर बंद झालं. तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

वीज वाचवण्याचं विचारलं तर त्यांचं उत्तर साधं होतं. कोणतं यंत्र आधीपेक्षा कमी वॅट खाणार आणि किती तास, हे समोरच्याला विचारायचं. 60 वॅटच्या बल्बच्या जागी 9 वॅटचा एलईडी रोज 5 तास जळला तर वर्षाला सुमारे 93 युनिट वाचतात. जुना 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला आणि तो रोज 12 तास फिरला, तर सुमारे 197. हिशेब असा वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो. भिंतीवरच्या खोक्याने घरातलं कुठलंच यंत्र कमी वॅट खायला लागत नाही, म्हणून तिथे मांडायला हिशेबच नसतो. छतावर उष्णता परतवणारा रंग, फटी बुजवणं, गरम पाण्याच्या नळाला आवरण, हे उपाय खरे आहेत. विकणाऱ्याने आधी ‘तीस टक्के हमखास’ म्हटलं, आणि तुमच्या घरात उपकरणं कोणती, किती तास चालतात हे विचारलंच नाही, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पैशांचं म्हणाल तर अजून लढतो आहे. करार रद्द करण्याची मुदत मी वाचलीच नव्हती. घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी अशी मुदत बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच दिलेली असते, यूरोपीय संघात साधारणपणे 14 दिवस आहे. सही केली असेल तर तुमच्याकडे काय नियम आहे ते त्याच दिवशी शोधा. बँकेला हप्ता थांबवण्याचं लेखी कळवलं आहे, ग्राहक तक्रार दाखल केली आहे. काकांनी बोर्ड उघडला तेव्हा टेपेसकट जोडलेल्या वायरींचे फोटो त्यांनी मला आधी काढायला लावले, मगच हात लावला. ते फोटो नसते तर माझ्याकडे दाखवायला काहीच उरलं नसतं. दिलेल्या नंबरवर आता कोणी फोन उचलत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी आणि काका आमच्या ओळीतल्या घरांमधून फिरलो. अजून चौघांकडे तेच लोक येऊन गेले होते. तिघांकडे हिरव्या दिव्याचा खोका होता. ‘टी’ बटण सगळीकडे दाबून पाहिलं. दोन घरांत खट्कन बंद झालं. एका घरात झालं नाही. झाकण उघडलं, मागे तीच काळी टेप. त्या घरात सात महिन्यांचं बाळ आहे. काकांनी रात्री नऊपर्यंत थांबून तिथलं काम पुरं केलं.

चौथ्या घराला कुलूप आहे, मंडळी बाहेरगावी गेली आहेत. दाराच्या फटीतून चिठ्ठी आत सरकवली आहे, फोनवर निरोपही ठेवला आहे. आल्या आल्या गीझर लावू नका, आधी ते बटण दाबून बघा आणि घर बंद झालं नाही तर मला हाक मारा, मी काकांना घेऊन येतो.