गार्डियन वीकलीची वर्गणी आणि गार्डियनचं ॲप: डेस्कवर काम केलेल्या वाचकाचा अभिप्राय

द गार्डियन या ब्रिटिश दैनिकाचं ॲप मी रोज उघडते आणि गार्डियन वीकली हे त्यांचं छापील साप्ताहिक वर्गणी भरून घेते. वृत्तपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानावर लावणाऱ्या विभागात, मी काम केलंय, त्यामुळे बातमीवर मालकाचा हात कसा पडतो हे मी आतून पाहिलेलं आहे. त्यामुळे कुठल्याही वृत्तपत्राला पैसे देण्याआधी मी तेवढं एकच तपासते. छपाई, मांडणी, पुरवण्या हे सगळं नंतर.

बातमी मारायला मालकाचा फोन येतो, असं बाहेरच्यांना वाटतं. तो क्वचितच येतो. मी मुख्य उपसंपादक असताना एका बांधकाम कंपनीची बातमी आली होती. त्या कंपनीत मालकांच्या नातेवाइकांचा पैसा आहे, हे सगळ्या डेस्कला माहीत होतं. बातमीदाराने कागदपत्रं जोडली होती, कंपनीची बाजूही घेतली होती. संध्याकाळच्या बैठकीत बातमी पहिल्या पानाच्या यादीत होती. पानं लागायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, ‘वकिलांना एकदा दाखवू या.’ दुसऱ्या दिवशी ऐकू आलं, ‘जरा शिळी झालीये, नवीन काही जोडता येतंय का बघ.’ तिसऱ्या दिवशी ती आतल्या पानावर एककॉलमी लागली आणि कंपनीच्या नावाच्या जागी ‘एका खासगी विकासकाने’ असं आलं. ‘छापू नका’ असं कुणीच म्हटलं नव्हतं. पुढे त्या बातमीदाराने तसल्या बातम्या आणणंच सोडलं. खरं नुकसान ते होतं. मारलेली बातमी निदान डेस्कला तरी ठाऊक असते. तिच्या धसक्याने जी कधी लिहिलीच जात नाही, तिचा पत्ता कुणालाच लागत नाही.

म्हणून अग्रलेख किती कडक आहेत यावरून मी वृत्तपत्र जोखत नाही. दूरच्या सत्ताधाऱ्यावर कडक अग्रलेख लिहायला मालकाची ना नसते. संपादकाला नेमतो कोण, त्याला काढू शकतो कोण, आणि मालक स्वतःच बातमीत येतो त्या दिवशी पान कसं दिसतं, हे मी बघते.

गार्डियनची मालकी स्कॉट ट्रस्टकडे आहे. १८२१ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेलं हे पत्र सी. पी. स्कॉट यांनी ५७ वर्षं संपादित केलं, आणि १९०७ पासून ते त्याचे मालकही होते. १९३२ मध्ये आधी ते गेले आणि काही महिन्यांतच त्यांचा संपादक मुलगा बोटीच्या अपघातात बुडाला. राहिलेला मुलगा जॉन स्कॉट एकटा मालक उरला. त्याच्या पश्चात वारसा कर भरण्यासाठी पत्र विकायची वेळ आली असती. १९३६ मध्ये त्याने आपला सगळा आर्थिक हक्क सोडला आणि पत्र ट्रस्टच्या हवाली केलं. २००८ मध्ये ट्रस्टचं रूपांतर मर्यादित कंपनीत झालं, पण भागधारकांना लाभांश मिळत नाही. गार्डियनचं आर्थिक आणि संपादकीय स्वातंत्र्य कायम राखणं हेच तिचं काम. संपादकाची नेमणूक ट्रस्ट करतो आणि त्याला एवढंच सांगतो की पत्र आजवरच्या धोरणाने, आजवरच्या वृत्तीने चालवावं. २०१५ मध्ये कॅथरीन वायनर संपादक झाल्या, त्याआधी कर्मचाऱ्यांचं मतदान घेतलं गेलं होतं. ते बंधनकारक नव्हतं. तरीही डेस्कवरच्या माणसाला आपला संपादक कोण असावा हे विचारलं जातं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझ्या सगळ्या नोकरीत मला ते कुणी विचारलं नाही.

नुसत्या लेखी हमीवर माझा विश्वास नाही. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांनी १९८१ मध्ये लंडनचं द टाइम्स घेतलं, तेव्हा सरकारने प्रकरण मक्तेदारी आयोगाकडे पाठवलं नाही. बदल्यात त्यांनी संपादकाच्या स्वातंत्र्याची हमी दिली होती: संपादकाला नेमणं-काढणं स्वतंत्र संचालकांच्या संमतीने होईल, बातमीबाबत मालक सूचना देणार नाही. त्यांनीच नेमलेले हॅरॉल्ड इव्हान्स हे संपादक जेमतेम वर्षभर टिकले. मालकाशी बिनसलं आणि १९८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कागद होता, संचालकही होते, पण खुर्चीखालची जमीन मालकाची होती. स्कॉट ट्रस्टकडे लाभ काढून घेणारा कुणी नाहीच, हा फरक मोठा आहे.

ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी २०१३ मध्ये २५ कोटी डॉलरला वॉशिंग्टन पोस्ट हे अमेरिकी दैनिक घेतलं. पुढची काही वर्षं त्यांनी बातमीत ढवळाढवळ केल्याचं संपादक सांगत नव्हते, उलट पैसा ओतला असंच म्हणत होते. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला दोन आठवडेही उरले नसताना, कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा मजकूर तयार असूनही पोस्टने कुणालाच पाठिंबा द्यायचा नाही असं ठरवलं. अडीच लाखांहून जास्त वाचकांनी वर्गणी सोडल्याच्या बातम्या आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेझोस यांनी मतलेखांची पानं व्यक्तिस्वातंत्र्य आणि खुली बाजारपेठ यांच्या समर्थनाला वाहिली आणि त्या विभागाचे संपादक डेव्हिड शिप्ली बाहेर पडले. चांगला मालक मिळणं हे नशीब आहे. मालक तोच राहतो, त्याची गरज बदलते, आणि त्या दिवशी संपादकाला कुठलाच आडोसा नसतो.

आता गार्डियनमध्ये मालक बातमीत आला, त्या दोन वेळा.

पहिली मार्च २०२३ मधली. ट्रस्टने २०२० मध्ये बाहेरच्या अभ्यासकांकडून एक शोध सुरू करून घेतला होता: पत्र काढणारे जॉन एडवर्ड टेलर आणि त्यांना भांडवल पुरवणारे लोक गुलामगिरीशी कितपत जोडलेले होते? निघालं ते असं, की टेलर कापसाच्या धंद्यात होते आणि त्यांच्या ११ भांडवलदारांपैकी किमान ९ जणांचा गुलामगिरीशी संबंध होता, बहुतेकांचा कापडधंद्यातून. एकाची तर जमैकात उसाच्या मळ्यात भागीदारी होती आणि तिथे गुलाम राबत होते. हे सगळं गार्डियननेच मोठमोठ्या लेखांतून छापलं आणि ट्रस्टने माफी मागितली. त्या माफीत मला महत्त्वाचा वाटला तो दुसरा भाग. भांडवल कुठून आलं एवढ्यावर न थांबता, सुरुवातीच्या काळात पत्राने जी संपादकीय भूमिका घेतली तिने कापूस उद्योगाची, म्हणजेच गुलामांच्या शोषणाची पाठराखण केली, हेही त्यात मान्य केलं होतं. मालकाच्या पैशाने अग्रलेख कसा वाकतो याची कबुली दोनशे वर्षांनी का होईना, त्याच पत्राने स्वतःहून दिली. असं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

दुसरी वेळ इतकी बरी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रस्टने द ऑब्झर्व्हर हे १७९१ पासूनचं रविवारचं पत्र टॉर्टॉइज मीडिया या कंपनीला विकायचं ठरवलं. पत्रकारांनी विरोध केला, दोनदा ४८ तासांचा संप केला. पहिल्या संपाच्या सुमारासच विक्री मंजूर झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये ऑब्झर्व्हर गेलं. गार्डियनने संपाची बातमी दिली, ट्रस्टवर होणारी टीकाही दिली, त्याबद्दल तक्रार नाही. पण अब्जाहून जास्त पौंडांच्या निधीवर बसलेला ट्रस्ट आपल्याच पत्रकारांचं ऐकत नाही, तेव्हा तोही शेवटी मालकच ठरतो. गार्डियनचं स्वातंत्र्य सांभाळणारी ही रचना ऑब्झर्व्हरच्या माणसांच्या काही उपयोगी पडली नाही.

सरकारी दबावाचंही सांगायला हवं. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने बाहेर आणलेली अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं गार्डियन छापत होतं. ब्रिटिश सरकारने तगादा लावला आणि जुलैमध्ये गार्डियनच्या तळघरात, गुप्तचर खात्याच्या तंत्रज्ञांसमोर, तो मजकूर असलेल्या हार्ड ड्राइव्ह ग्राइंडर आणि ड्रिलने नष्ट कराव्या लागल्या. प्रती बाहेरच्या देशांत होत्या, बातम्या येतच राहिल्या. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन पोस्टबरोबर पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तेव्हाचे संपादक ॲलन रसब्रिजर हे सगळं करू शकले, कारण सरकारी कंत्राटांवर किंवा परवान्यांवर पोट असलेला मालक त्यांच्या डोक्यावर नव्हता. खाणी, वीज, दूरसंचार असे धंदे असलेल्या मालकाच्या संपादकाने त्या तळघरात काय केलं असतं, हे मी सहज सांगू शकते. बहुधा ती कागदपत्रं तळघरापर्यंत आलीच नसती.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. ॲपमध्ये बातमी लाल रंगात आणि मत नारिंगी रंगात असतं. मथळा वाचायच्या आधीच डोळ्याला कळतं की आपण कुठे आहोत. जुनी बातमी उघडली तर वर पिवळी पट्टी येते, ही इतक्या वर्षांपूर्वीची आहे म्हणून. जाहिरातदाराने पैसे देऊन लिहून घेतलेला मजकूर वेगळ्या खुणेने दाखवतात. आणि मला सगळ्यात आवडतं ते लेखाच्या तळाशी असतं: अमुक तारखेला या मजकुरात बदल केला, आधी काय चुकलं होतं, आता काय केलं. मी डेस्कवर होते तेव्हा चूक झाली तर ‘खुलासा’ म्हणून दोन ओळी निविदा सूचनांच्या शेजारी जायच्या, आणि त्यातही मूळ चूक काय होती ते सांगायचं नाही असा दंडक होता. गार्डियनमध्ये १९९७ पासून वाचकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र संपादक आहे. त्याला मुख्य संपादक काढू शकत नाही, तो अधिकार ट्रस्टचा. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हाती निवाडा करणाऱ्याची नोकरी नाही. इतकी साधी व्यवस्था आहे ही, आणि ती उभी करायला अब्जावधी लागत नाहीत.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. पैशाचं आवाहन फार वेळा येतं. संकेतस्थळावर लेख सगळ्यांना खुले ठेवलेत म्हणून देणगी मागावी लागते हे मान्य, पण हत्याकांडाच्या बातमीखाली तीच पिवळी चौकट आली की मला अवघडल्यासारखं होतं. शिवाय वाचकांच्या पैशावर चालणाऱ्या पत्राला वाचकांची भीती वाटू लागते, हा दबावही दबावच. मतलेखांच्या पानांवर बहुतेक लेखक एकाच बाजूला झुकलेले दिसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेतान्याहू यांच्यावरच्या एका व्यंगचित्रावरून वाद झाला, चित्र छापलं गेलं नाही आणि चार दशकं तिथे काढणाऱ्या स्टीव्ह बेल यांचा करार पुढे वाढवला नाही. चित्र कुणाला आवडो न आवडो, इतक्या जुन्या व्यंगचित्रकाराला असं जावं लागणं मला पटलेलं नाही. पंधरा महिन्यांनी वॉशिंग्टन पोस्टच्या व्यंगचित्रकार ॲन टेल्नेस यांचं बेझोस यांच्यावरचं चित्र नाकारलं गेलं, म्हणून त्यांनी ते पत्र सोडलं. तिथे मालकाकडे बोट दाखवता आलं. इथे मालक नव्हता, तरी चित्र छापलं गेलं नाहीच.

देणगीदार संस्थांच्या मदतीने चालणारे विभाग हीही एक बारीक जागा. जागतिक विकासाचा विभाग २०१० मध्ये गेट्स फाउंडेशनच्या मदतीने सुरू झाला. मदतीचा उल्लेख पानावर असतो आणि मजकूर संपादकीय स्वातंत्र्याने लिहिल्याचंही सांगितलेलं असतं. तरी अशा विभागात मी एक गोष्ट मुद्दाम बघते: देणगीदारावरच टीका करणारा लेख शेवटचा कधी आला होता.

घ्यावं का? रोजच्या बातमीपुरतं हवं असेल तर फुकट संकेतस्थळ पुरेसं आहे. मी छापील साप्ताहिक घेते, कारण १९१९ पासून चालत आलेल्या या अंकात आठवड्याचं निवडक आणि सावकाश वाचण्यासारखं येतं, आणि देणगीची चौकट तिथे मध्ये येत नाही. अंक कधी कधी उशिरा मिळतो, पण त्यातले लेख आठवड्याभरात शिळे होत नाहीत. पाचपैकी चार देईन. एक गुण ऑब्झर्व्हरच्या विक्रीसाठी आणि स्टीव्ह बेल यांच्यासाठी कापलाय.

वर्गणी मात्र मी चालू ठेवली आहे. नूतनीकरणाच्या वेळी अभिप्रायाचा रकाना आला, तेव्हा त्यात लिहिलं की संपादक निवडताना जसं कर्मचाऱ्यांचं मत घेता, तसंच ट्रस्ट एखादं पत्र विकायला निघेल तेव्हाही घ्या, आणि त्याचा निकाल पहिल्या पानावर छापा.