डेटा कोण खातंय? ‘डेटा युसेज’ की रिसोर्स मॉनिटर

मुलुंडला पावसात ब्रॉडबँड गेलं की घरचा कॉम्प्युटर फोनच्या हॉटस्पॉटवर, आणि कुणी काही उघडलेलं नसताना डेटा गुल! विंडोज ११ च्या सेटिंग्जमधलं ‘डेटा युसेज’ गेल्या ३० दिवसांचा अ‍ॅपनिहाय हिशेब देतं. सोपं आहे, पण ‘सिस्टम’ या नावाखाली बरंच काही खपून जातं.

रिसोर्स मॉनिटर म्हणजे आत्ता कोणता प्रोग्रॅम काय करतोय ते दाखवणारं विंडोजमधलंच टूल. त्याला कालचं काही आठवत नाही. आत्ताचा चोर मात्र तो रंगेहाथ पकडतो. नेटवर्क टॅबमध्ये ‘सेंड’ (बाहेर जाणारा डेटा) कॉलमवर क्लिक करा, म्हणजे जास्त पाठवणारे वर येतात; मग प्रोसेससमोर (चालू प्रोग्रॅमसमोर) टिक करा. ती कुठल्या पत्त्याशी बोलतेय ते खाली दिसतं. सेंडचा आकडा फुगलेला असेल तर आधी वनड्राइव्ह (फायली इंटरनेटवर साठवणारी मायक्रोसॉफ्टची सेवा) बघा, मग ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’. हे दुसरं तुमच्याकडचे विंडोज अपडेट इतरांच्या कॉम्प्युटरला वाटू शकतं, तेही तुमच्या खर्चाने! मी तरी रिसोर्स मॉनिटरच आधी उघडेन. हॉटस्पॉटला ‘मीटर्ड कनेक्शन’ (इथे डेटा मोजका आहे, जपून वापर, असं विंडोजला सांगणारं सेटिंग) मात्र लगेच करून टाका.