रिक्वेस्ट्स: एका भिडस्त लायब्ररीसोबत नऊ महिने

गेले नऊ महिने पायथन या प्रोग्रामिंग भाषेची, वेबवरून पानं आणि डेटा आणणारी रिक्वेस्ट्स ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आमच्या छोट्याशा ऑफिसात रोज राबते आहे. काम साधं: नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे कांद्याचे भाव तीन साइटवरून गोळा करायचे, जुळवायचे आणि आमच्या ग्राहक व्यापाऱ्यांना मेसेजने पाठवायचे. सकाळी अकरापासून दर तासाला क्रॉनमधून, म्हणजे सर्व्हरच्या वेळापत्रकातून, स्क्रिप्ट सुटते. कोड लिहायला अर्धा दिवस लागला. तो मध्येच का थांबतो हे शोधण्यात मात्र किती दिवस गेले, याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

लायब्ररी सोपी आहे यात वाद नाही. २०११ साली केनेथ राइट्झ यांनी ती आणली तेव्हा लॉगिन करून एक पान आणायलाही पायथनच्या जुन्या युआरएललिब२ मध्ये हँडलर आणि ओपनर नावाच्या तुकड्यांची माळ ओवावी लागायची. आता एक ओळ पुरते. पण नऊ महिन्यांनी तिचा स्वभाव कळला तो असा: ती भिडस्त आहे. काही बिनसलं तरी आपणहून बोलत नाही, विचारलं तरच सांगते.

पहिला दणका दुसऱ्याच आठवड्यात. दुपारी तीननंतर एका व्यापाऱ्याचा फोन, "ताई, आज लिलाव बंद आहे का? सकाळपासून भाव नाही." सर्व्हरवर जाऊन पाहिलं तर लॉग स्वच्छ, एरर एकही नाही. प्रोसेसची यादी काढली आणि एकाच स्क्रिप्टच्या पाच प्रती रांगेत उभ्या दिसल्या: अकराची, बाराची, एकची, दोनची, तीनची. समोरच्या सर्व्हरने कनेक्शन घेऊन मौनव्रत धरलं होतं. रिक्वेस्ट्सला टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) दिला नाही तर ती वाट बघत बसते, बसूनच राहते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय आणि मी ते वाचलं नव्हतं, तेव्हा चूक माझी. तरी हे मला आजही पटत नाही. एचटीटीपीएक्स ही तिची धाकटी स्पर्धक न सांगता ५ सेकंदांनी हात वर करते.

मग मी शहाणपणा केला. प्रत्येक कॉलमध्ये कोण लिहीत बसणार म्हणून सेशन ऑब्जेक्टवरच (सगळ्या कॉलना सामायिक असणारी वस्तू) एकदा टाइमआउट बरोबर १० असं लिहून टाकलं. पायथनने मुकाट्याने घेतलं, रिक्वेस्ट्सने मुकाट्याने दुर्लक्ष केलं. सेशनला असा गुणधर्मच नाही, आणि नाही हे सांगणारंही कुणी नाही. महिनाभर मी निर्धास्त होते आणि पुन्हा तीच रांग. शेवटी विनंती प्रत्यक्ष पाठवणाऱ्या एचटीटीपी अडॅप्टरचा सबक्लास (आपली सुधारित आवृत्ती) करून त्याच्या सेंडमध्ये डीफॉल्ट आकडा घातला, बारा ओळींचं काम. आकडा दोन तुकड्यांत देते: जोडणीला ३.०५ सेकंद, उत्तराला २०. ते ३.०५ डॉक्युमेंटेशनमधूनच उचललंय. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याआधी ३ सेकंद थांबतं असं धरून त्याहून किंचित जास्त. आणि ते २० सेकंद सगळ्या उत्तराला मिळून नसतात, मधल्या शांततेला असतात. समोरचा थेंब थेंब गळत राहिला तर टाइमआउट कधी लागायचाच नाही. त्यासाठी क्रॉनच्या ओळीतच लिनक्सची टाइमआउट कमांड लावली आहे. दहा मिनिटं झाली की ती सरळ मुंडी मुरगाळते.

भिडस्तपणाचा दुसरा नमुना: समोरून ४०४ (पान सापडलं नाही) येवो की ५०० (सर्व्हरची चूक), लायब्ररीच्या लेखी उत्तर आलं म्हणजे काम झालं. अशा वेळी एरर उठवणारं 'रेझ फॉर स्टेटस' तुम्ही स्वतः बोलवायचं. तेही पुरत नाही, कारण आमच्या तीनपैकी एक साइट सेशन संपलं की २०० (सगळं ठीक) देऊन लॉगिनचं पान पाठवते. मग जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी साचा) वाचताना ती प्रसिद्ध ओळ येते, पहिल्या ओळीच्या पहिल्या कॉलममध्येच काहीतरी अपेक्षित होतं म्हणून. ही एरर दिसली की जेसनला दोष न देता उत्तराची पहिली २०० अक्षरं छापून बघा. बहुतेक वेळा तिथे एचटीएमएल हसत असतं.

आता मराठीतल्या डेटाशी झालेली मारामारी. एका साइटवरच्या यादीत 'लासलगाव'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाच्या खुणेसारखं एक गोल चिन्ह, हीच जोडी पुन्हा पुन्हा. मोजलं तर २१ कॅरेक्टर. लासलगाव म्हणजे काने धरून ७ युनिकोड चिन्हं, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, सात त्रिक एकवीस. येवल्याच्या मात्रेत तर चक्क जपानी येन निघाला. डेटा शाबूत होता, वाचणारा चुकला होता: समोरच्याने हेडरमध्ये (सोबतच्या माहितीच्या ओळींत) टेक्स्ट म्हटलं पण कॅरेक्टर सेट सांगितला नाही, तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमाला धरून आयएसओ-८८५९-१ मानते. पश्चिम युरोपच्या लिपीचा तो तक्ता, त्यात आपली अक्षरं कुठून असणार? '.टेक्स्ट' वाचण्याआधी एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, किंवा एचटीएमएल असेल तर '.कंटेंट'चे कच्चे बाइट्स ब्यूटिफुल सूपच्या (एचटीएमएल वाचणारं साधन) हाती द्या. ते पानातला मेटा टॅग बघून घेतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते ४०१ ने, म्हणजे 'ओळख पटली नाही' या उत्तराने. माझ्या लॅपटॉपवर टोकन (प्रवेशाची किल्ली) चालायचं, सर्व्हरवर तोच कोड, तेच टोकन, आणि ४०१. टोकन तीनदा नव्याने काढलं. सर्व्हरचं घड्याळ तपासलं. पलीकडच्या लोकांना दोन मेल टाकले, त्यांनी अर्थातच "आमच्याकडून सगळं ठीक" असं कळवलं (आणि ते खरंच होतं, हे लिहिताना जीभ चावते आहे). संध्याकाळी हताश होऊन आपण नेमकं काय पाठवलं ते छापलं: रिस्पॉन्सच्या आत रिक्वेस्ट असते, तिच्यात हेडर्स असतात. मी ऑथोरायझेशनमध्ये 'बेअरर' (टोकनची खूण) लिहिलं होतं. छापलेल्या ओळीत 'बेसिक' (युजरनेम-पासवर्डची खूण) होतं. माझं टोकन कुणीतरी वाटेतच बदललं होतं! सर्व्हरच्या होम फोल्डरमध्ये नेटआरसी नावाची लपलेली फाइल होती, कधीतरी दुसऱ्या कामासाठी मीच ठेवलेली, त्यात याच होस्टचं जुनं युजरनेम-पासवर्ड. ऑथ वेगळं दिलं नसेल तर रिक्वेस्ट्स ती फाइल बघते आणि हाताने लिहिलेल्या हेडरवर फुली मारून तिथलं भरते. सेशनचं 'ट्रस्ट एन्व्ह' फॉल्स केलं, प्रश्न मिटला. मात्र त्याने एन्व्हायर्नमेंटमधली प्रॉक्सीही (मध्यस्थ सर्व्हर) वगळली जाते, ऑफिस प्रॉक्सीमागे असेल तर लक्षात ठेवा.

तेव्हापासून अडलं की मी अंदाज बांधत नाही. आधी गेलेले हेडर्स आणि बॉडी, मग 'हिस्टरी'मधली रीडायरेक्टची साखळी. डेटा नेणारी पोस्ट विनंती ३०२ (दुसऱ्या पत्त्यावर जा) नंतर नुसती मागणारी गेट होऊन रिकाम्या हाताने पुढे जाते, हे तिथेच दिसतं. तरी नाही सापडलं तर रिक्वेस्ट्सच्या आत राबणाऱ्या युआरएललिब३ चं लॉगिंग डीबगवर.

एसएसएलचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, थोडक्यात. ब्राउझरमध्ये पान उघडतं, स्क्रिप्टमध्ये 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. समोरच्याने साखळीतलं मधलं सर्टिफिकेट लावलेलं नसतं. ब्राउझर ती हरवलेली कडी स्वतः मिळवतो, रिक्वेस्ट्स नाही मिळवत. आमच्या एका सहकाऱ्याने यावर व्हेरिफाय बरोबर फॉल्स, म्हणजे तपासणीच बंद, हा रामबाण उपाय केला, वर इशारा दिसू नये म्हणून तोही बंद केला. मला चार महिन्यांनी सापडलं. अहो, त्या कनेक्शनवरून पासवर्ड जात होता! मधलं सर्टिफिकेट उतरवून सर्टिफाय या पॅकेजमधल्या विश्वासू सर्टिफिकेटांच्या यादीच्या प्रतीला जोडलं आणि व्हेरिफायला त्या फाइलचा पत्ता दिला, दहा मिनिटांत झालं.

रिट्रायबद्दल तक्रार नाही. युआरएललिब३ चा रिट्राय ५०३ (सेवा तात्पुरती बंद) हा कोड सांगून अडॅप्टरला जोडला की तो आल्यावर पुन्हा प्रयत्न होतो, रिट्राय-आफ्टर (किती वेळाने या) हे हेडरही पाळलं जातं. पोस्ट त्यात मुळातून वगळलेलं आहे, आणि ते का, हे आम्ही पोस्ट घातल्यावर कळलं: पिंपळगावचा एकच भाव व्यापाऱ्यांना तीनदा गेला. जुन्या लेखांतलं 'मेथड व्हाइटलिस्ट' कॉपी करू नका, २०२३ च्या युआरएललिब३ २.० मध्ये ते काढलंय, आता 'अलाउड मेथड्स'.

एचटीटीपी/२ (प्रोटोकॉलची पुढची आवृत्ती) नाही, असिंक (उत्तराची वाट बघत न थांबता पुढचं काम) नाही. तीन साइटना दर तासाला एकदा विचारणाऱ्या माणसाला दोन्हींची गरजही नाही. शेकडो पत्ते एका दमात गाठायचे असतील तर एचटीटीपीएक्स बघा. मी रिक्वेस्ट्सच ठेवते आहे, आवृत्ती बांधून आणि त्या बारा ओळींसकट.

पुढच्या महिन्यात चौथी साइट जोडायची आहे. तिचं सर्टिफिकेट या वेळी आधीच तपासलं. मधली कडी तिथेही नाही.