नौपाड्यातलं दुकान आणि शिकागोतला मोल्सवर्थ

नौपाड्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायट्यांच्या नोटिसा, असलंच काम. शब्दाशी अडलं की मी शिकागो विद्यापीठाच्या साइटवरचा मोल्सवर्थ उघडते. १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश, पण फुकट, लॉगिन नाही, मध्येच जाहिरात नाही. एवढ्यावरच माझे निम्मे गुण देऊन झाले.

परवा घोडबंदरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. पाण्याचा पंप जळलेला, सभासदांकडून जादा वर्गणी काढायची होती. मी 'निधीची गरज आहे' असं टाइप केलं.

"मॅडम, गरज नको. गरज म्हटलं की लोक पुढच्या महिन्यात बघू म्हणतात."

"मग नड?"

"छे, नड माणसाची असते. सोसायटीला कसली नड?"

शेवटी 'निकड' घातला. बरोबरच होतं त्यांचं. गरज थांबते, निकड थांबत नाही. 'निकड लावली' म्हणजे तर तगादाच.

प्रिंट निघेपर्यंत मी गरज शोधला. शब्दापुढे कंसात एकच अक्षर, ए, म्हणजे अरबी. सेक्रेटरींना वाटत होतं गर्जनेवरून आला असेल. (त्यांचा पंप जळायच्या आधी फार गरजायचा म्हणे.) पण गर्जना संस्कृत, तिचं याच्याशी नातं नाही. अरबीत या शब्दाचा अर्थ निशाण, नेम धरायची जागा. त्यावरून हेतू, आणि फारसीत मतलबही. हिंदीतल्या 'खुदगर्ज'मध्ये तो मतलब अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र मतलब मागे पडला आणि नुसतं हवं असणं राहिलं.

हा सगळा प्रवास मोल्सवर्थ सांगत नाही, भाषा सांगून मोकळा होतो. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा कोश काढावा लागतो. दुसरी अडचण मोठी: मोल्सवर्थमधले अर्थ इंग्रजीत. माझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या मुलींना त्यातली जुनी इंग्रजी मराठीपेक्षा अवघड जाते. त्यांना मी त्याच साइटवरचा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडून देते. तिथे अर्थ मराठीत मिळतात.

मोल्सवर्थला पाचपैकी चार. कापलेला एक इंग्रजीचा.