पानशेतच्या पुरात भिजलेलं कपाट

माझी आई पुण्यात, नारायण पेठेत वाढली. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटलं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. पाणी घरात शिरताना आजीने हाताला लागेल ते उचललं. त्यात फडक्यात बांधलेल्या सहा कपबशा होत्या. त्यातल्या चार आज माझ्याकडे आहेत. आई गेल्यावर त्या नीट ठेवायला एक जुनं काचेचं कपाट घ्यावं असं मनात आलं. हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण ज्याने मला फसवलं त्यालाही मी हे असंच, इतकंच सविस्तर सांगितलं होतं.

आधी कुंभार वेशीजवळच्या जुन्या बाजारात दोन रविवार फिरले. पितळेची भांडी, घड्याळं, कंदील पाहिले, पण मनासारखं कपाट काही दिसलं नाही. मग मोबाईलवर जाहिरात दिसली: ‘पेठेतल्या वाड्यातलं अँटिक शोकेस, बर्मा टीक, बेल्जियम ग्लास.’ शहराबाहेर एका गोदामात ते ठेवलं होतं. साडेपाच फूट उंच, दोन काचेची दारं, वर कोरीव पट्टी. बघताक्षणी आवडलं. मी चार फोटो काढले, बहिणीला पाठवले. माणूस बोलायला मृदू होता. चहा मागवला, ‘मॅडम, घरी काय ठेवणार आहात?’ म्हणून विचारलं. मग मी आईचं, पुराचं, कपबशांचं सगळं सांगत बसले. तो मान डोलावत ऐकत होता.

आठवड्याने परत गेले, तर त्याने मला कपाटाच्या खालच्या बाजूला नेलं. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर एक फिकट रेघ होती, आणि तिच्याखाली पॉलिश उडाल्यासारखं झालं होतं. ‘त्या दिवशी बोललो नाही. पुराचं नाव काढलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. पण तुम्ही आपल्याच निघालात. हे पानशेतचं पाणी लागलेलं कपाट आहे.’ मी खाली बसून त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला रडू आलं. त्यानंतर मी काहीही तपासलं नाही.

85,000 सांगितले होते, 68,000 ला ठरलं. त्यातले 20,000 ऑनलाइन घेतले, तेही ‘भाच्याच्या’ खात्यावर. उरलेले 48,000 कपाट घरी आल्यावर रोख. बिल मागितलं तर म्हणाला, ‘वाड्यातल्या मालाला कुठलं बिल?’ मला ते पटलं. आज लिहितानाही याचा त्रास होतो.

जुलैत तळाची फळी फुगली आणि एक दार लागेना. आमच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी कपाट भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहिली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘ताई, हे किती वर्षांचं म्हणाला तो?’

पाठ प्लायवूडची होती, गडद पाणी मारून जुनी केलेली. तळ एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, वरून सागाचं व्हिनियर, म्हणजे पातळ पापुद्रा, चिकटवलेलं. दमट हवेने फुगला होता तो हाच. पुढची चौकट मात्र खरीच जुन्या सागाची होती आणि मी फसले ती तिच्यामुळेच. काकांनी त्या चौकटीच्या आतल्या कडेला बुजवलेल्या खाचा दाखवल्या. तिथे पूर्वी भल्या मोठ्या बिजागऱ्या होत्या. ‘ही कुठल्यातरी वाड्याच्या दाराची लाकडं आहेत. चिरून चौकट केली.’ लाकडात किड्यांनी पोखरलेल्या नळ्या होत्या, पण त्या उघड्या पन्हळीसारख्या दिसत होत्या. कीड लाकडाच्या आत बोगदे करते आणि बाहेर दिसतात ती फक्त बारीक गोल भोकं. बोगदा असा लांबलचक उघडा दिसला, की ते लाकूड कीड लागल्यानंतर कापलं असं समजायचं. एवढी साधी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर!

कोरीव पट्टीमागे लाखेने बुजवलेले ठिपके होते. काकांनी लाख खरवडली, तर खाली अधिकच्या खुणेचे, चौफुली स्क्रू निघाले. तसले स्क्रू 1930 च्या दशकात अमेरिकेत निघाले. 1920 सालचं म्हणून विकलेल्या कपाटात ते मूळचे असणं शक्यच नाही. काचेचं थोडं सांभाळून सांगते. जुनी काच डोळा तिरका करून पाहिली तर तिच्यात बारीक लाटा दिसतात, पलीकडची रेघ वाकडी होते. आजची सपाट काच ज्या फ्लोट पद्धतीने करतात, ती इंग्लंडमध्ये 1959 मध्ये जाहीर झाली. माझ्या दारांच्या काचा तशा सपाट आहेत. पण खऱ्या जुन्या कपाटाचीही फुटलेली काच कुणी बदललेली असू शकते, म्हणून एकट्या काचेवरून निकाल देऊ नका. लाकूड, सांधे, स्क्रू, पाठ, सगळं एकत्र पाहा.

आणि ती रेघ. काकांनी खालचा कप्पा रिकामा करून आत टॉर्च धरला. आत रेघ नव्हती. पुराचं पाणी कपाटात शिरतं, आतही तेवढंच चढतं, चिखल सोडून जातं. इथे फक्त बाहेरून, दिसेल तेवढ्याच भागात पॉलिश घासून काढलं होतं. रात्री बहिणीला पाठवलेले ते पहिल्या भेटीचे फोटो उघडले. चारही फोटोंत खालचा भाग स्वच्छ, चकचकीत आहे. रेघ मी आईची गोष्ट सांगितल्यानंतरच्या आठवड्यात काढलेली होती.

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण आजीच्या हातून वाचलेल्या त्या चार कपांची गोष्ट त्याने ऐकून घेतली आणि घासकागद घेऊन बसला, हे मला अजून सहन होत नाही.

जाब विचारायला गेले तर म्हणाला, ‘मी जुनं म्हटलं होतं. लाकूड जुनंच आहे.’ 1920 हा आकडा त्याने कुठेही लिहून दिला नव्हता, आणि जाहिरात काढून टाकलेली होती. आपल्याकडच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यातही साधारण 100 वर्षांची अट आहे, म्हणून ‘अँटिक’ म्हणणाऱ्याकडून अंदाजे साल, लाकडाचं नाव, कुठले भाग नवे बसवले आहेत, हे बिलावर लिहून घ्या. जो प्रामाणिक आहे तो ‘पाठ बदलली आहे’ असं आपणहून लिहून देतो. पैसे विकणाऱ्याच्याच नावावर द्या. आणि कपाट पाहताना आपल्या घरची गोष्ट सांगू नका, त्यालाच आधी बोलू द्या. दुसऱ्या भेटीत त्याच जागेचे पुन्हा फोटो काढून पहिल्याशी ताडून पाहा.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. मुदत दोन वर्षांची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. 20,000 च्या ऑनलाइन पावतीबरोबर बहिणीच्या फोनमधले तारखेसकट फोटो जोडले आहेत. सुनावणी व्हायची आहे.

कपाट हॉलमध्ये तसंच उभं आहे, भिंतीपासून हातभर पुढे. काकांना काढलेले स्क्रूही परत लावू दिले नाहीत. तपासणी झालीच तर जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावरच्या खोक्यात आहेत.